दोन बोटं बाहेर

मामा उतरले तशी रिक्षा सुटका झाल्यासारखी वीतभर वर आली. ते पुन्हा आत वाकले, मागच्या सीटवरून गाडीची दोन चाकं ओढून काढली, एकेक काखेत मारली आणि उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपच्या दारातून आत आले. चाकं टायरसकट होती. लेथवरच्या अल्ताफनं मशीन बंद केलं आणि काही कारण नसताना उभा राहिला.

"बस बस, काम कर," मामा त्याला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "इंजिनिअर, ही बसवून द्यायची. अजून दोन घरात हाईत."

मामा म्हणजे माझे सासरे, दिनकरराव खराडे. कोल्हापुरात त्यांना खराडे वस्ताद म्हणतात. तरुणपणी त्यांनी कुस्तीची मैदानं गाजवली आणि पुढे तालमीत पोरं तयार केली. त्यांच्या पद्मजानं माझ्याशी लग्न ठरवलं, तेव्हा त्यांनी विरोध केला नाही. नाशिकहून आलेल्या, वजनकाट्याचा काटा जेमतेम हलवणाऱ्या निरंजन गायधनीला त्यांनी फक्त एकदा नखशिखांत न्याहाळलं आणि मुलीला विचारलं, "ह्यो एवढाच हाय?"

त्यानंतर काही वर्षं गेली, तरी आमचं बोलणं "जेवलात काय?" आणि "हो, जेवलो" याच्या पुढे सरकलं नव्हतं. मला ते 'इंजिनिअर' म्हणत. त्यांच्या तोंडी तो हुद्दा वाटायचा नाही, आजार वाटायचा. त्यामुळे ते काहीतरी मागायला आपण होऊन माझ्या दारात आलेत, हे लक्षात आल्यावर चाकांकडे नीट बघायच्या आधीच मी म्हणालो, "होऊन जाईल."

मग चाकं बघितली. रुंद, चकचकीत, पाच भोकांची.

"मामा, तुमच्या त्या लाल गाडीसाठी?"

"मग काय म्हशीला लावू?"

लाल गाडी म्हणजे दोन सीटांची, जमिनीला टेकलेली, टप काढता येणारी जुनी परदेशी स्पोर्ट्स कार. मामींचे भाऊ मुंबईला असायचे. ते कॅनडाला मुलाकडे कायमचे गेले आणि जाताना बहिणीच्या दारात ती उभी करून गेले. तेव्हापासून मामा कुठंही गेले तरी "आमची गाडी, आमची गाडी" चालायचं. एका मोटार क्लबानं पन्हाळ्याच्या पलीकडच्या एका आडबाजूच्या घाटात चढाईची शर्यत ठेवली होती. एका वेळी एकच गाडी सोडायची आणि वरपर्यंतची वेळ मोजायची. त्यात हौशी लोकांचाही गट होता. आदल्याच रविवारी जेवताना मामांनी जाहीर केलं होतं, "आमची गाडी घाटात उतरणार." एवढ्या मोठ्या देहाचा माणूस एवढ्याशा गाडीत कसा मावतो, हा प्रश्न मला भातापर्यंत पुरला होता.

"पण गाडीचं चाक बसतं त्या हबला बोल्ट चारच आहेत ना? ही चाकं पाच भोकांची आहेत."

"म्हणून तर तुमच्याकडं आलो. मधी एक जाड चकती घालत्यात म्हणं. एका अंगानं चाराला बसती, दुसऱ्या अंगानं पाचाला."

"अडॅप्टर म्हणतात त्याला."

"काय बी म्हणा. आन् ती जाडजूड करा. चाक ह्या चार बोटं भाईर आलं पायजे."

"चार बोटं? कशाला?"

मामांनी चाकं खाली ठेवली, वर्कशॉपच्या मधोमध आले, पाय फाकवले, गुडघे किंचित वाकवले आणि उभे राहिले. सगळं वर्कशॉप लहान दिसायला लागलं.

"ढकला."

"अं?"

"ढकला मला."

मी दोन्ही हातांनी ढकललं. मग खांद्यानं ढकललं. अल्ताफ खोकल्याचं निमित्त करून मागच्या खोलीत गेला.

"आता बगा." मामांनी पाय जुळवले. "आता ढकलला तर एखाद्या वक्ती पडीन. कळलं? पाय फाकवून हुबा ऱ्हायलेला गडी पडत न्हाई. गाडीचंबी तसंच."

"मामा, पाय फाकवताना तुमची मांडी फाकते. हे म्हणजे पाय तिथंच ठेवून खाली लाकडाची लांब पावलं जोडल्यासारखं आहे. सगळा भार घोट्यावर येईल. बेअरिंगवर, बोल्टवर. स्टिअरिंगही ओढेल."

"मग? जमत न्हाई?"

त्यांनी हे साध्या आवाजात विचारलं. पण 'ह्यो एवढाच हाय' हे वाक्य मला त्यात पुन्हा पूर्ण ऐकू आलं.

"जमेल," मी म्हणालो. "पण चार बोटं नाही. माप घेऊन सांगतो."

"घ्या की. आन् घरात कळू देऊ नका. पद्मीला बी न्हाई. ऐन वक्ताला दाखवायचंय."

* * *

मामी बँकेत गेल्या की मामा मला फोन करणार, असं ठरलं. फोन आला. "गेली, या," एवढंच बोलून ठेवला.

गाडी अंगणात शेवग्याच्या झाडाखाली होती. मी पुढचं एक चाक काढलं आणि हबची मापं घेतली. चाकाचा भार नुसत्या बोल्टांवर नसतो. हबच्या मधोमध एक गोल उंचवटा असतो आणि चाकाचं मधलं भोक त्यावर घट्ट बसतं. त्यामुळे माझी चकतीही त्या उंचवट्यावर बसायला हवी होती आणि बोल्टांना नट धरायला पुरेसे आटे उरायला हवे होते. हे सगळं मी मामांना सांगत होतो. ते फाटकाकडे बघत होते.

"मामा, जरा आत बसता का? तुमच्या वजनानं गाडी किती दबते ते बघायचंय. चाक मडगार्डला घासायला नको."

"गुडघा दुखतोय."

"अर्धा मिनिट."

"तुम्हीच बसा."

मी बसलो. सीट इतकी पुढे होती की माझे गुडघे स्टिअरिंगला लागले. मी सीटखालची कळ शोधू लागलो.

"ती सीट हलवू नका!" मामा केवढ्यांदा तरी ओरडले. मग आवाज उतरवून म्हणाले, "गंजल्यालं हाय. ऱ्हाऊ दे तितंच."

माझं माप स्पष्ट होतं. चाक दोन बोटं बाहेर आलं तर मडगार्डच्या कडेच्या आत राहत होतं. त्यापुढे गेलं की खड्ड्यात घासणार आणि नटांना आटेही उरणार नाहीत.

"दोन बोटं," मी गाडीखालून म्हणालो.

"चार."

"दोन, मामा."

"तीन तर करा."

तेवढ्यात फाटक वाजलं. मामी परत आल्या होत्या. इंदुमती खराडे, मामांच्या खांद्यालाही न लागणाऱ्या, हातात पिशवी घेतलेल्या. मला उठायला वेळ मिळाला नाही. गाडीखालून माझे पाय बाहेर आलेले होते.

"हे कुणाचे पाय म्हणायचे?" मामींनी विचारलं.

"इंजिनिअरचं," मामा म्हणाले.

"काय करतायत जावई गाडीखाली?"

मामा क्षणभर अडले. आयुष्यात त्यांनी समोरच्याला उचलून आपटलं होतं, पण समोरच्याला थाप मारायचा सराव त्यांना नव्हता. "त्यांचा पेन पडलाय," ते म्हणाले.

"बरं. सापडला की चहाला या म्हणावं." मामी ओट्याकडे गेल्या. जाताना हसल्या असाव्यात, कारण पिशवी हलत होती.

* * *

चकत्या मी मन लावून केल्या. चांगल्या प्रतीच्या अॅल्युमिनियमचा ठोकळा आणला, आतलं भोक हबच्या उंचवट्यावर तंतोतंत बसेल असं कातलं, एका बाजूला चार खोलगट भोकं आणि दुसऱ्या बाजूला पाच नवे बोल्ट बसवले. दोन बोटं जाड, त्याहून केसभरही जास्त नाही. संध्याकाळी त्या घेऊन मी मामांच्या घरी गेलो आणि मामांच्या डोळ्यांदेखत सगळं बसवलं. काढलेली जुनी चार चाकं त्यांनी माझ्याच जीपच्या मागे टाकली. "हितं नकोत. इच्यारत्यात माणसं."

लाल गाडी आता खरंच ऐटीत दिसत होती. मामा तिच्याभोवती प्रदक्षिणा घालत होते. मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि पायरीवर थांबल्या. बराच वेळ चाकांकडे बघत राहिल्या.

"काय? कशी हाईत?" मामांनी विचारलं. आवाजात इतकी अधीरता होती की मलाच अवघडल्यासारखं झालं.

"छान आहेत की," मामी म्हणाल्या. "तुम्ही आणलीत?"

"मग कोण आणणार?"

मामी मामांकडे बघत होत्या. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, "छान आहेत," आणि आत गेल्या.

मी मामांना बजावलं, "थोडी चालवा, मग माझ्याकडे आणा. नट पुन्हा आवळून बघायला लागतात. विसरू नका."

"व्हय व्हय."

"आणि शर्यतीआधी एकदा..."

"जेवलात काय?" मामांनी विचारलं.

ते गाडी घेऊन आलेच नाहीत. मी फोन केला तर "आवळल्यात मी, माझ्या हातानं" असं उत्तर मिळालं. मला खटकलं. पण पहिल्यांदाच ते फोनवर माझ्याशी आपण होऊन आणखी काही बोलत राहिले, घाटात सावली असते का, दुपारी ऊन किती, रस्त्यावर बारीक खडी असली तर गाडी सरकते का. सासऱ्यांशी गप्पा मारायच्या आनंदात मी खडीबद्दलच सविस्तर सांगत बसलो.

* * *

शर्यतीच्या सकाळी मी आणि पद्मजा जीपनं घाटाच्या पायथ्याशी पोचलो. रस्ता बंद केलेला होता. उसाच्या रसाचे गाडे, कापडी मांडव, कर्णे, आणि दरीच्या कठड्यावर माणसंच माणसं. हौशी गटाची तपासणी म्हणजे ब्रेक, हॉर्न आणि डोक्यावर हेल्मेट. लाल गाडी त्यातून पार पडून रांगेत उभी होती. मामा तिच्याजवळ एका जागी उभे राहून घाम पुसत होते.

"ड्रायव्हर तयार दिसत नाही अजून," मी पद्मजाला म्हटलं. "हेल्मेट तरी मावणार का त्यांना?"

पद्मजानं माझ्याकडे बघितलं. "कुणाला?"

"मामांना."

"आबांना? आबा कशाला घालतील हेल्मेट? आबांना सायकलसुद्धा चालवता येत नाही." तिला हसू आवरेना. "निरंजन, गाडी आई चालवणार आहे! तुला माहीत नव्हतं? ती रोज पहाटे रंकाळ्यापर्यंत जाऊन येते."

मांडवातून मामी बाहेर आल्या. पांढरं हेल्मेट, साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी मला बघून हात हलवला, गाडीचं दार उघडलं आणि आत बसल्या. पुढे सरकवलेल्या त्या सीटवर त्या इतक्या बरोबर बसल्या की मला स्वतःचीच लाज वाटली.

आणि मग माझं लक्ष चाकाकडे गेलं.

टायर मडगार्डच्या कडेच्या बाहेर आलेलं होतं. मी बसवलं तेव्हा ते आत होतं. दोन बोटं म्हणजे दोन बोटं, माझ्या हातानं कातलेली. हे चांगलं चार बोटं होतं.

मी मामांना बाजूला ओढलं. म्हणजे त्यांची बाही धरली, आणि ते आले.

"मामा, माझ्या चकत्यांच्या मागे काय घातलंय?"

"काय न्हाई."

"मामा."

"अजून एकेक चकती. बाजारात तयार मिळत्यात. स्पेसर का काय. पुढच्या दोन्ही चाकांना घातल्यात." ते दुसरीकडे बघत होते. "माझ्या हातानं आवळलंय, हलायचं न्हाई."

मागे आणखी एक चकती म्हणजे माझी चकती हबच्या उंचवट्यावरून उचलली गेली होती. तिला आता फक्त बोल्टांचाच आधार होता, आणि नटांना धरायला जेमतेम दोन-तीन आटे उरले असणार. त्यावर मामांच्या हाताचा जोर. जे आटे होते तेही त्यांनी पिळून काढले असतील.

"गाडी थांबवा," मी म्हणालो. "हे चाक वळणावर निघून जाईल."

"अवो, रुंद हाय म्हंजे..."

"निघून जाईल, मामा! खाली दरी आहे! मी तुम्हाला दोन बोटं म्हणालो होतो, तुम्ही मला विचारलं का नाही? कोण चालवणार आहे तेही मला सांगितलं नाही! कशासाठी चाललं होतं हे सगळं, रुबाबासाठी?"

आयुष्यात मी कुणावर एवढा ओरडलो नव्हतो, आणि ओरडलो ते खराडे वस्तादांवर. त्यांनी बाहीनं चेहऱ्यावरचा घाम पुसला.

"रुबाब कसला," ते म्हणाले. "झोप न्हाई मला. तिनं नाव दिलं तवापासनं झोप न्हाई. डोळं मिटलं की गाडी उलटी झाल्याली दिसती. मला वाटलं, रुंद केली की पडणार न्हाई."

"मग मामींना नको म्हणायचं होतं."

"कोणत्या तोंडानं?" त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मला पुढे वाकावं लागलं. "माहेरी गडहिंग्लजला जीप चालवायची ती. बापाच्या मालाची. लई भारी चालवायची म्हणं. लगीन करून आली आन् मी म्हटलं, वस्तादाची बायको गाडी चालवत फिरती हे बरं दिसत न्हाई. एकदाच म्हटलं. तिनं परत कधी नावसुदीक काढलं न्हाई. आता भावाची गाडी आली, साठीच्या फुडं तिच्या तोंडावर पैल्यांदा ते दिसलं... आता परत नको म्हणू? सांगा, इंजिनिअर. म्हणू?"

कर्ण्यावरून मामींचा नंबर पुकारला. लाल गाडीचं इंजिन सुरू झालं आणि ती रेषेकडे सरकली. झेंडेवाल्यानं झेंडा उचलला.

मी धावत निघालो. माझ्या शेजारून काहीतरी मोठं पुढे गेलं. गुडघा दुखणारे मामा पळत होते. त्यांनी दोर ओलांडला, एका कार्यकर्त्याला बाजूला ठेवलं, आणि गाडीच्या बरोबर समोर, रस्त्याच्या मधोमध, पाय फाकवून उभे राहिले.

मामींनी हॉर्न वाजवला. मामा हलले नाहीत. मामींनी पुन्हा वाजवला, यावेळी लांब. कठड्यावरची गर्दी हसायला लागली. कुणीतरी ओरडलं, "वस्ताद, लंगोट कुठाय?"

मामींनी हेल्मेटची काच वर केली आणि त्या दारावरून बाहेर वाकल्या.

"अहो, काय हे? बाजूला व्हा!"

"इंदू, उतर."

"का?"

मामांनी भोवती बघितलं. त्यांच्या तालमीतली पोरं होती, पोरांची पोरं होती, कर्णेवाला हातातला माईक तसाच धरून उभा होता. मला वाटलं, आता ते माझ्याकडे बोट दाखवतील, इंजिनिअर सांगतायत म्हणतील. मी सावरून पुढेही झालो.

"मला भ्या वाटतंय," मामा म्हणाले.

माईक चालू होता. ते वाक्य अख्ख्या घाटातून फिरून आलं. हसणं थांबलं. मामींनी इंजिन बंद केलं.

"कसलं?" त्यांनी हळू विचारलं.

"चाकांचं. मी बिगडवलीत. इंजिनिअरचं ऐकलं न्हाई. आन्..." ते थांबले. "आन् चाकांचंच न्हाई फकस्त."

मामी गाडीतून उतरल्या. हेल्मेट काढून हातात घेतलं आणि मामांच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या. त्या काय म्हणाल्या ते माईकला ऐकू गेलं नाही, पण मी जवळ होतो.

"मला कळत होतं," त्या म्हणाल्या. "परवापासनं स्टिअरिंग ओढतंय. हात भरून येतात."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही माझ्या गाडीसाठी पहिल्यांदा काहीतरी आणलं होतंत. त्यात खोड कशी काढू?"

* * *

क्लबवाले समजूतदार होते. हौशी गट संपेपर्यंत वेळ देतो म्हणाले. जुनी चाकं माझ्या जीपच्या मागे होतीच. मी जॅक आणायला गेलो, तेवढ्यात मामांनी गाडीचा पुढचा कोपरा हातानं उचलायला घेतला.

"जॅकनं करा," मामी म्हणाल्या. "डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"जॅकनंच करतोय," असं म्हणत मामांनी हात मागे घेतले.

पुढचं डावं चाक काढलं. माझी चकती दिसली आणि तिच्या खोलगट भोकांतले नट. पाना लावायची गरजच पडली नाही. पहिला नट मी दोन बोटांनी धरला आणि तो मोकळा फिरत माझ्या तळहातावर आला. आतले आटे पुसले गेले होते. दुसराही तसाच. तळहात मामांपुढे धरला.

त्यांनी तो नट उचलून बराच वेळ बघितला. मग रस्त्याच्या कडेच्या दगडावर जाऊन बसले. पद्मजानं रसाचा ग्लास आणून दिला, तो त्यांनी हातात धरून ठेवला, प्यायले नाहीत.

उरलेलं काम मी आणि मामींनी केलं. बोल्टांचे आटे शाबूत होते आणि जुने नट चाकांबरोबर जीपमध्ये होतेच. मामींना पाना कसा धरायचा ते सांगावं लागलं नाही. "आमच्या जीपचं चाक मी दहा-बारा वेळा तरी बदललं असेल," त्या म्हणाल्या. "पण ही जुनी बारीक चाकं मला आवडतात हो. बोलल्यासारखी चालतात."

"आधी सांगायचं ना, मामी."

"तुम्ही सांगितलंत का मला? गाडीखाली पेन शोधत होतात." त्यांनी नट आवळला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "सापडला का मग?"

पद्मजानं "कसला पेन?" विचारलं. आम्ही दोघांनीही ऐकलं नाही.

गट संपता संपता मामींचा नंबर पुन्हा पुकारला. यावेळी झेंडा पडला आणि लाल गाडी सुटली. काटकुळ्या चाकांवर, पहिल्या वळणाला जराशी कलत, दुसऱ्या वळणाला दिसेनाशी झाली. मग नुसता आवाज येत राहिला, चढणारा, गिअर बदलताना अडखळणारा, पुन्हा चढणारा. मामा दगडावरून उठले नव्हते. आवाजाबरोबर त्यांची मान हळूहळू वर वर जात होती.

वरून कर्ण्यावर वेळ सांगितली. मामी शेवटून दुसऱ्या आल्या होत्या. शेवटचा एक कॉलेजचा मुलगा होता. त्याची गाडी मध्येच तापून बंद पडली होती.

"शेवटून दुसरी!" पद्मजा टाळ्या वाजवत ओरडली.

"पोचली का?" मामांनी विचारलं.

"पोचली, आबा."

मग ते रस प्यायले, एका दमात.

मामी खाली आल्या तेव्हा त्यांचे केस विस्कटलेले होते, आणि एरवी शांत असणारा तो चेहरा मला ओळखू येईना. त्या पद्मजाच्याच वयाच्या दिसत होत्या. गाडी त्यांनी मामांच्या समोर आणून थांबवली आणि डावीकडचं दार आतून उघडलं.

"बसा."

"मी?"

"मग कोण? आता रस्ता मोकळा करतायत. वरपर्यंत जाऊन येऊ. वरून पन्हाळा दिसतो."

"मावणार न्हाई मी."

"या तर."

मामा आधी डोकं घालून बघू लागले, मग पाय, मग पाठ. शेवटी कसेबसे बसले. गाडी डाव्या बाजूला टेकली. टप काढलेला असल्यामुळे त्यांचं डोकं काचेच्या वर निघालं होतं. त्यांनी एका हातानं दाराची कड धरली आणि दुसऱ्यानं समोरची पट्टी.

"हळू जा," ते म्हणाले.

"बघू," मामी म्हणाल्या.

इंजिन सुरू झालं. मी बाजूला व्हायला लागलो, तेवढ्यात मामांनी मान वळवून मला हाक मारली. "निरंजनराव! दार नीट लागलंय काय बगा."

मी दार बघितलं. नीट लागलं होतं. तरी उघडून पुन्हा एकदा लावलं.